बंद फोनचं खाणकाम

नूपुर पाटणकरच्या वाट्याला मराठी अभिप्राय आले ते केवळ तिच्या आडनावामुळे. सेक्टर फाइव्हमधल्या त्या ऑफिसात अकरा जण बसत आणि दिवसभर एकच काम करत. मोबाइलवरच्या ॲपबद्दल लोक जे बरं-वाईट लिहितात, त्याला उत्तरं द्यायची. ॲपचे मालक वेगळे, उत्तरं देणारी कंपनी वेगळी. बंगाली, हिंदी, इंग्रजी लिहिणारे पुष्कळ होते. मराठीसाठी ती एकटीच. टीमचा प्रमुख सौरभ, ज्याला सगळे सौरभदा म्हणत, त्याने मुलाखतीतच विचारलं होतं, "मराठी लिहिता येतं ना?" ती हो म्हणाली होती. ते काही पूर्ण खरं नव्हतं. तिचा जन्म बंगालमधलाच, बेहालातला. घरात मराठी बोलायचे, पण शाळा इंग्रजी, मैत्रिणी बंगाली. चार ओळी मराठी लिहायची वेळ आली की ती बाबांना दाखवल्याशिवाय पाठवत नसे.

ॲपचं नाव 'खनिक'. क्रिप्टो म्हणजे फक्त कॉम्प्युटरच्या जाळ्यात असणारं चलन. ते मिळवायला मोठमोठी यंत्रं दिवसरात्र अवघड आकडेमोड करतात, त्याला खाणकाम म्हणतात. 'खनिक'चं म्हणणं असं, की हेच काम तुमचा साधा फोनही करतो. रोज एकदा हातोड्याचं चित्र दाबायचं. मग चोवीस तास स्क्रीनवर 'तुमचा फोन खाणकाम करत आहे' अशी ओळ दिसे आणि खाली नाण्यांचा आकडा हळूहळू वाढत जाई. ओळखीची माणसं आणली की वेग वाढे. एकशे नव्व्याण्णव रुपयांचा बूस्टर घेतला की आणखी वाढे. नाणी विकता मात्र येत नव्हती. ती 'लवकरच' बाजारात येणार होती.

मराठी अभिप्राय दिवसाला पाच-सहा येत. 'मस्त ॲप', 'पैसे कधी मिळणार', 'जाहिराती फार आहेत.' नूपुरकडे तयार उत्तरांची यादी होती. योग्य ते उचलायचं, चिकटवायचं. आठ महिने तिने हेच केलं. पगार वेळेवर होई. संध्याकाळी बसने घरी जाताना ऑफिसचं काही डोक्यात राहत नसे.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मंदाकिनी सबनीस या नावाने पाचपैकी एक तारा आणि त्याखाली हा मजकूर आला.

'मी निवृत्त शिक्षिका आहे. पदार्थविज्ञान शिकवत असे. माझ्याकडे दोन फोन आहेत, एक माझा, एक माझ्या यजमानांचा. दोन्हींवर हे ॲप आहे. आठ दिवस रोज सकाळी सात वाजता दोन्हींवर हातोडा दाबला. दाबून झाल्यावर एक फोन चालू ठेवत असे, दुसरा दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ण बंद करून कपाटात ठेवत असे. रोज दोन्ही फोनांवर नाणी सारखीच वाढली. चौथ्या दशांश स्थळापर्यंत सारखी. बंद फोन खाणकाम कसं करतो, हे कृपया सांगावं.'

नूपुरने ते दोनदा वाचलं. यादीत याला उत्तर नव्हतं. जवळचं म्हणून तिने हे चिकटवलं, 'आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभार. अधिक वेगासाठी फोन चार्ज ठेवा आणि ॲप अद्ययावत करा.'

दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी आपलाच अभिप्राय बदलून खाली ओळ जोडली. 'उत्तर वाचलं. बंद फोन चार्ज करून ठेवू का?'

नूपुरला हसू आलं. जेवणाच्या सुट्टीत ती हे शेजारच्या टेबलावर सांगायला वळली आणि थांबली. भाषांतर करून सांगितलं असतं तर सगळे हसले असते, आणि हसणं बाईंवर गेलं असतं. ते तिला नको होतं.

ॲप तिच्या स्वतःच्या फोनवरही होतं. नोकरीत रुजू होतानाच ते घ्यायला लावलं होतं. शनिवारी सकाळी तिने हातोडा दाबला, आकडा कागदावर लिहून घेतला आणि फोन बंद केला. रविवारी सकाळपर्यंत तो उघडला नाही. बाबांनी दोनदा विचारलं, बिघडलाय का म्हणून. रविवारी फोन चालू केला, तेव्हा आकडा रोजच्याएवढाच वाढलेला होता.

सोमवारी ती सौरभदाकडे गेली. सौरभ चाळिशीचा, शांत स्वभावाचा माणूस. कुणाला रजा हवी असली तर कारण न विचारता देई.

"सौरभदा, हा आकडा फोन बंद असला तरी वाढतो."

"बरं, मग?"

"मग फोन खाणकाम करत नाही."

त्याने खुर्ची मागे घेतली. "नूपुर, आकडा त्यांच्या सर्व्हरवर वाढतो. सगळ्या ॲपमध्ये असंच असतं. लोकांना काहीतरी हलताना दिसायला हवं."

"पण स्क्रीनवर लिहिलंय की तुमचा फोन खाणकाम करत आहे."

"ते आपण लिहिलेलं नाही."

"त्याची उत्तरं आपण देतो."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाला, "मी मालकांना मेल टाकतो. ते सांगतील तसं करू."

मालक कुठे राहतात हे ऑफिसात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्या बाईंना पाचशे नाणी बक्षीस द्या आणि तारे वाढवायची विनंती करा. नूपुरने तसं लिहिलं. लिहिताना तिला कसंतरी झालं, पण लिहिलं.

त्याच संध्याकाळी मंदाकिनीबाईंचा अभिप्राय पुन्हा बदलला.

'पाचशे नाणी मिळाली. फोन न उघडता मिळाली, म्हणजे तीही खणावी लागली नाहीत. मला बक्षीस नको, उत्तर हवं. कारण सांगते. मी बजबजला राहते. इथल्या तेवीस बायकांना हे ॲप मी दिलं. शिक्षिकेने सांगितलं म्हणून त्यांनी घेतलं. तिघींनी बूस्टरला पैसे भरले. मी त्यांना काय सांगू? माझी चूक असेल तर तसं सांगा. तुमची असेल तर तेही सांगा.'

बजबज! नूपुर इतके दिवस समजून होती, की हे लिहिणारी बाई सातारा-सांगलीकडची कुणी असेल. ती तर घराजवळच्या माझेरहाट स्टेशनवरून लोकलने तासाभराच्याही आत पोचता येईल अशा गावात होती.

त्या रात्री जेवताना तिने सगळं बाबांना सांगितलं. मधुकर पाटणकर खिदिरपूरला कस्टममध्ये नोकरी करून निवृत्त झाले होते. आयुष्यभर गोदीतल्या मालाचे कागद तपासले होते, त्यामुळे कुणी काही सांगितलं की आधी कागद मागायची सवय. त्यांनी फोन हातात घेऊन तिन्ही मजकूर सावकाश वाचले.

"बाईंचं मराठी चांगलं आहे," ते म्हणाले.

"बाबा!"

"अगं, ऐक तर. असं नेमकं लिहिणाऱ्या माणसाला गुळमुळीत उत्तर देणं हा अपमान असतो. तुला काय म्हणायचंय ते ठरलंय का?"

"ठरलंय. पण नोकरी जाईल."

त्यांनी फोन तिला परत दिला. पान वाढून झालं होतं, भात निवत होता. "जाईल," ते म्हणाले. "घर माझ्या पेन्शनवर चालेल. तुला अडचण होईल ती वेगळी. एखाद-दोन महिने घरी बसावं लागेल, चार ठिकाणी विचारतील आधीची नोकरी का सोडली. ते तुलाच सोसायचंय, म्हणून मी लिही म्हणणार नाही आणि लिहू नको असंही म्हणणार नाही."

"लिहिलं तर तपासून द्याल?"

"ते देईन."

उत्तराला साडेतीनशे अक्षरांची मर्यादा होती. नूपुरने लिहिलेलं पहिलं उत्तर हजारावर गेलं. त्यात ती आठ महिने काय करत होती, तिला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, सगळं आलं होतं. बाबांनी पेन्सिल घेतली. "हे तुझ्याबद्दल आहे. बाईंनी तुझ्याबद्दल विचारलेलं नाही," म्हणत त्यांनी अर्धा मजकूर खोडला. 'कदाचित' तीन ठिकाणी होतं, ते तिन्ही ठिकाणी काढायला लावलं. "तुला माहीत आहे ना? मग कदाचित कशाला?" एका ठिकाणी मात्र तिने हट्ट धरला. क्षमा मागायची ओळ त्यांना नको होती, कंपनीच्या वतीने क्षमा मागायचा तिला अधिकार नाही म्हणून. ती म्हणाली, कंपनीच्या नाही, माझ्या वतीने. मग ती राहिली.

शेवटी उरलं ते असं.

'मंदाकिनीबाई, तुमचा प्रयोग मी स्वतः करून पाहिला. निरीक्षण बरोबर आहे. हे ॲप फोनवर खाणकाम करत नाही. दिसतो तो फक्त वाढता आकडा. नाणं बाजारात केव्हा येईल, येईल की नाही, हे आम्हालाही सांगितलेलं नाही. कुणीही पैसे भरू नयेत. चूक तुमची नाही. आधीची उत्तरं मी दिली होती, त्याबद्दल क्षमा मागते. – नूपुर.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचल्यावर चहाही न घेता तिने ते टाकलं.

काहीच झालं नाही. मराठी वाचणारं दुसरं कुणी नव्हतंच. सौरभदा येता-जाता नेहमीसारखा बोलत होता. तिने चार दिवस वाट पाहिली, पाचव्या दिवशी तिला वाटायला लागलं की हे कधीच कुणाच्या लक्षात येणार नाही. त्याचं तिला बरंही वाटलं आणि वाईटही. तिने आता तयार उत्तरं चिकटवणं थांबवलं होतं. 'पैसे कधी मिळणार' असं कुणी विचारलं, की ती 'माहीत नाही' एवढंच लिही.

नवव्या दिवशी इंग्रजी अभिप्रायांमध्ये तेच उत्तर दिसायला लागलं. ॲप वापरणाऱ्या कुणीतरी भाषांतराचं बटण दाबलं होतं, आणि मग एकाचं पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने ते उतरवून घेतलं होतं. दुपारपर्यंत सौरभदाने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. त्याच्या पुढ्यात छापील कागद होता.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"चुकून गेलं असं म्हणू. भाषांतरात घोळ झाला असं म्हणू. तू ते काढून टाक, मी मालकांना समजावतो."

"भाषांतर बरोबर आहे, सौरभदा."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर चहावाल्याकडे पोरं रांगेत उभी होती. "तू मला आधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. तुम्ही मालकांना मेल टाकलात."

त्याने कागद उलटा करून ठेवला. त्याला राग आला नव्हता. आला असता तर नूपुरला सोपं गेलं असतं. तो हळूच म्हणाला, "माझ्या टीममध्ये तुझ्याशिवाय दहा जण आहेत. हे कंत्राट गेलं तर सगळे जातील. हेही तुझ्या हिशेबात होतं का?"

नव्हतं. नूपुरला ते कबूल करावं लागलं. "नव्हतं," ती म्हणाली. "पण त्यामुळे ते उत्तर खोटं होत नाही."

"नाही होत," सौरभ म्हणाला. त्याने राजीनाम्याचा कोरा कागद तिच्याकडे सरकवला. काढून टाकण्यापेक्षा हे बरं, पुढच्या नोकरीला अडचण येणार नाही, एवढंच त्याने सांगितलं. संध्याकाळी ती बसमध्ये असताना तिचं उत्तर ॲपच्या पानावरून नाहीसं झालं. तिने शोधून पाहिलं, नव्हतं.

मंदाकिनीबाईंचा मजकूर मात्र होता, आणि तो पुन्हा बदललेला होता.

'उत्तर मिळालं. मी ते छापून घेतलं आहे. ॲपला एक तारा. उत्तराला तारे द्यायची सोय नाही, नाहीतर दिले असते. नूपुर, तुम्ही कुठे राहता माहीत नाही. कधी बजबजला आलात तर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला सबनीस दिदिमणींचं घर विचारा, शिक्षिकेला इथे तसंच म्हणतात.'

त्या रविवारी नूपुर गेली. बाबा म्हणाले, मी येऊ का. ती नको म्हणाली. माझेरहाटला गाडी अर्धी रिकामी होती. डब्यात एक बाई लिंबं निवडत बसली होती. बजबजला उतरल्यावर दिदिमणींचं नाव घेताच रिक्षावाल्याने काहीही न विचारता रिक्षा वळवली.

मंदाकिनी सबनीस सत्तरीच्या, बारीक अंगकाठीच्या, मोठ्या चष्म्याच्या. यजमान तेलाच्या डेपोत अधिकारी होते, बदलीवर आले आणि बदली संपल्यावर इथेच राहिले. ते जाऊन चार वर्षं झाली होती. दारात नूपुरला बघून त्या म्हणाल्या, "अगं, तू तर अगदी लहान आहेस! मी अहो-जाहो करून लिहीत होते."

"मी एकतीस वर्षांची आहे, काकू."

"तेच म्हणते मी."

मुरीचा म्हणजे कुरमुऱ्यांचा चिवडा आणि चहा झाला. बाई पुष्कळ बोलल्या. सकाळी सातला हातोडा दाबायचा म्हणून तेवीस जणी एकमेकींना फोन करत. दाबलं का, दाबलं का. मग बोलणं भाजीवर, सुनांवर, गुडघ्यांवर जाई. यजमान गेल्यापासून बाईंची सकाळ त्याच फोनांनी सुरू व्हायची. म्हणूनच आकड्याकडे त्यांनी इतके महिने नीट पाहिलं नव्हतं. "मुलांना मी सांगायची, आधी मोजा मग बोला. आणि मीच मोजलं नाही," त्या म्हणाल्या.

छापील कागद घेऊन त्या घरोघर गेल्या होत्या. बहुतेक जणी म्हणाल्या, जाऊ दे दिदिमणी, आपलं काय गेलं. दोघी अजूनही दाबतात, सवय म्हणून. बूस्टर घेतलेल्या दोघींनी बाईंनी देऊ केलेले पैसे घेतले नाहीत. तिसरी शेफाली. तिने तीनदा बूस्टर घेतला होता. तिचा नवरा चटकलात म्हणजे तागाच्या गिरणीत कामाला होता, गिरणी वर्षभर बंद. तिने बाईंचं ऐकून घेतलं, दार लावलं आणि त्या दिवसापासून रस्त्यात दिसली तरी मान वळवते.

"तिला वाटतं, कंपनीने मला फोडलं," बाई म्हणाल्या. "नाणी बाजारात यायची वेळ झाली म्हणून मी सगळ्यांना पळवून लावते आहे, असं."

नूपुरने कप खाली ठेवला. "मी तिच्याशी बोलू?"

"तू काय बोलणार?"

"मी कंपनीतली आहे. म्हणजे होते."

शेफालीचं घर गिरणीच्या भिंतीलगतच्या गल्लीत होतं. ती दारात तांदूळ पाखडत होती. बाईंना बघून उठली, तेवढ्यात नूपुर पुढे झाली आणि बंगालीत म्हणाली, "दीदी, तुम्ही कंपनीला काही लिहिलं होतं का कधी?"

शेफाली थबकली. "लिहिलं होतं. दुर्गापूजेच्या आधी. बंगालीत. उत्तर आलं, थोडा धीर धरा, लवकरच."

"ते उत्तर माझ्या शेजारच्या टेबलावरून आलं. तसली उत्तरं मीही दिली, आठ महिने. आम्हाला काही ठाऊक नव्हतं. यादीतून उचलून टाकायचो. दिदिमणींनी तुम्हाला फसवलं नाही. त्यांनी विचारलं म्हणून मला बघावं लागलं."

"मग आकडा कोण वाढवत होतं?"

"कुणी नाही. तो आपोआप वाढतो. फोन बंद असला तरी."

शेफालीने सूप खाली ठेवलं. तिने नूपुरकडे पाहिलं, बाईंकडे नाही. "माझ्याकडे चार हजारांवर नाणी होती," ती म्हणाली. "रोज रात्री मी ह्यांना सांगायची, आज इतकी झाली. ते ऐकून झोपायचे." मग ती आत गेली. दोघी उन्हात उभ्या राहिल्या. बाईंनी हळूच विचारलं, "निघू या का?" आणि त्याच वेळी शेफाली फोन घेऊन बाहेर आली. काचेला तडा गेलेला होता.

"कसं काढतात हे? मला जमत नाही. दाबलं की विचारतं, खरंच काढायचं का."

नूपुरने दाखवलं. शेफालीने स्वतःच्या बोटाने 'हो' दाबलं. ती बाईंशी एक शब्दही बोलली नाही. पण त्या परत निघाल्यावर तिने मागून हाक मारून सांगितलं, की पुढच्या वळणावर गटाराचं झाकण उघडं आहे, दिदिमणींना धरून न्या.

त्या हिवाळ्यात 'खनिक' काही आठवडे दिसेनासं झालं आणि मग परत आलं. आता पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, आकडे केवळ करमणुकीसाठी आहेत, असं लिहिलेलं होतं. कंत्राट गेलं नाही. सौरभदाच्या टीममधले दहाही जण जागेवर राहिले, असं त्यांच्यातल्याच एकीने नूपुरला कळवलं. तिला खरंच हलकं वाटलं.

दोन महिने ती घरी होती. मग हावड्यात पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तिला तक्रारी नोंदवायचं काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी आहे. तक्रार आली की ती पत्ता लिहून घेते आणि दुसऱ्या दिवशी पान्हा-पकड घेऊन मिस्त्री जातो. पंप चालला की नाही, ते तो फोन करून सांगतो आणि नूपुर वहीत लिहिते. मंदाकिनीबाई अधूनमधून तिला सकाळी सातला फोन करतात. काही काम नसतं.